शनिवारचं घर

मी नववीत शाळा सोडली. त्यामुळे लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकत असेल, आणि शब्दही साधेच येतात. तेवढं सांभाळून घ्या.

डोंगरावरच्या एका वाडीत एक मेंढपाळाचा मुलगा होता. त्याला वैद्य व्हायचं होतं. वैद्यकी शिकवणारे गुरुजी खाली नगरात राहत. ते शिकवायचे फुकट, पण विद्यार्थ्याच्या जेवणाची सोय त्यांच्याकडे नव्हती. त्यासाठी नगरात वार लावायची रीत होती. विद्यार्थ्याने सात घरं विचारायची आणि एकेका वारी एकेका घरी जेवायचं. सातही वार लागले तरच गुरुजी ठेवून घेत.

मुलगा फार लाजाळू. तरी हिय्या करून त्याने तेली, शिंपी, सुतार अशी सहा घरं मिळवली. शनिवार तेवढा राहिला. त्याच गल्लीच्या टोकाला एक म्हातारी कासारीण बांगड्या विकायची, एकटीच राहायची. तिच्या दारापर्यंत तो तीनदा गेला आणि तीनदा तसाच मागे फिरला. शेवटी त्याने गुरुजींना सांगितलं, सातही लागले.

मग दर शनिवारी तो नुसतं पाणी पिऊन नदीकाठी बसायचा. कोणी विचारलंच तर म्हणायचा, मारुतीचा उपास आहे. झालं, नगरभर त्याचं कौतुक सुरू झालं. शिंपीणबाई आपल्या मुलाला टोमणे मारू लागल्या, की शीक जरा त्याच्याकडून, तू तर उठल्यापासून चरत असतोस. एवढा देवभोळा मुलगा एकादशीही करतच असणार, असं धरून तेलिणीने एकदा त्याच्यापुढे भाकरीऐवजी दोन केळी ठेवली. तो ती खाऊन निमूट उठला.

वर्ष संपलं आणि परीक्षा आली, ती नेमकी शनिवारी. रोग्याची नाडी पाहून दुखणं सांगायचं होतं. जो चुकेल त्याने घरी जायचं. मुलाने रोग्याच्या मनगटावर बोटं ठेवली, पण बोटंच थरथरत होती. त्याला काही कळेना.

गुरुजी उठले. त्यांनी रोग्याचा हात बाजूला केला आणि मुलाचाच हात हातात घेतला. डोळे मिटून त्याची नाडी पाहिली.

"शनिवारी कुठे जेवतोस?" त्यांनी हळूच विचारलं.

मुलाला रडू आलं. त्याने सगळं खरं सांगून टाकलं. आता परत मेंढ्यांमागे जायचं, असंच त्याला वाटलं.

गुरुजी म्हणाले, "बाळ, कुठे दुखतं ते सांगायला रोगी लाजला, तर वैद्याने काय करावं? जा, शनिवार विचारून ये. परीक्षा उद्या घेऊ."

मुलगा चौथ्यांदा त्या दाराशी गेला. म्हातारी बांगड्या ओवत बसली होती.

"आजी, शनिवारी मला जेवायला घालाल का?"

तिने हातातलं खाली ठेवलं. "तीनदा येऊन गेलास रे. गल्लीत सगळ्यांकडे वार लागले, माझंच घर तेवढं वगळलंस. मला वाटलं, माझ्या हातचं तुला चालत नाही."

मुलाने तिलाही सगळं खरं सांगितलं.

"बस आता," ती म्हणाली. "आणि मारुतीला सांग, उपास सुटला म्हणून."

तिने पिठलं केलं. मुलाने तीन भाकऱ्या खाल्ल्या, आणि वर्षभराने त्याचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी त्याने नाडी पाहिली तेव्हा बोटं हलली नाहीत. त्याने दुखणं बरोबर सांगितलं.

तात्पर्य: शिकण्यासाठी मदत मागण्यात कमीपणा नाही. न मागता दारातून परत फिरलं, तर आपण उपाशी राहतोच, आणि देणाऱ्याच्याही मनाला लागतं.

गेल्या वर्षी मी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी पास झालो. कॉलेजच्या फीसाठी मदत करणारं एक मंडळ आमच्या चौकात आहे. त्यांच्या पायरीवरून मी दोनदा परत आलो होतो. ही गोष्ट लिहून झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत गेलो आणि अर्ज मागितला.