सांडशीचा खिळा

भांडीसुद्धा मानपान पाहत असत, त्या काळची ही गोष्ट. द्वारकाकाकूंनी स्वयंपाकघर नवं करायला काढलं. पुंडलिक सुताराने भिंतभर सागवानी कपाट केलं आणि त्याच्या प्रत्येक खणाला मोराची पितळी मूठ बसवली. वरच्या फळ्यांसाठी भांड्यांमध्ये चढाओढ लागली.

म्हातारी सांडशी एवढंच म्हणाली, "मला आपला चुलीशेजारचा जुना खिळाच बरा."

"खिळा? माझ्या शेजारी?" कपाट फणकारलं. "नव्या रंगाच्या भिंतीला भोक पाडायचं होय? तू आपली खालच्या खणात जा, अगदी मागे."

खिळा तर सुताराने कधीच उपटला होता. सांडशी निमूटपणे खणात गेली.

मुहूर्ताच्या दिवशी काकूंनी रीतीप्रमाणे नव्या चुलीवर दूध उतू जाऊ दिलं. जमलेल्या बायकांनी हात जोडले. दूध मात्र थांबेचना.

"अगंबाई, सांडशी कुठे गेली?" काकू एकेक खण ओढू लागल्या. सगळे खण सारखे, सगळ्यांवर मोर! आतल्या अंधारात सांडशी "मी इथे आहे, इथे" म्हणून ओरडत राहिली. शेवटी काकूंनी पदराने पातेलं उतरवलं आणि बोटं भाजून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी स्वतः हातोडी घेतली आणि चुलीशेजारी खिळा ठोकला.

"माझी सगळी शोभा घालवलीस!" कपाट सांडशीवर करवादलं. "आता बोल की काहीतरी!"

सांडशी काही बोलली नाही. तिच्या तोंडात तेव्हा उकळत्या दुधाचं पातेलं होतं.