तीस किलोंचा पहारा

“व्हॉल्व्ह अजून बंद का आहे?”

विचारणारी डेकवरच्या खोलीच्या दारात उभी होती. ज्यांना विचारले ते बसलेले होते… आणि उठले नाहीत.

‘तपती’ हे रसायने वाहून नेणारे जहाज कच्छच्या आखातात नांगर टाकून होते. वैशाखातली दुपार. डेकवरचे लोखंड हात लावू देत नव्हते.

ईशानी वर्तक ह्या जहाजाची चीफ ऑफिसर. टाक्यांतला सगळा माल तिच्या जबाबदारीचा. प्रत्येक परीक्षेत पहिली आलेली, सहा वर्षे तेलवाहू जहाजांवर काढलेली. रसायनांच्या जहाजावर मात्र ही तिची पहिलीच फेरी. ह्या बंदरात माल बिनचूक उतरला, की कॅप्टन डिमेलो तिच्या बढतीच्या शिफारसपत्रावर सही करणार होते.

बसलेले गृहस्थ म्हणजे पंपमन अब्दुलगनी मुकादम, दाभोळचे. टाक्यांचे पंप आणि व्हॉल्व्ह त्यांच्या हातात. हुद्द्याने तिच्याहून पुष्कळ खाली. तरी सगळे खलाशी, कधी कधी कॅप्टनसुद्धा, त्यांना ‘उस्ताद’ म्हणत.

ईशानी म्हणत नसे. वय वाढले म्हणजे विद्या वाढली, हे तिला कुणी सिद्ध करून दाखवले नव्हते.

“मी बाराला सांगितलं होतं, मुकादम. दोन वाजता तीन नंबरच्या टाकीत नायट्रोजन सोडा. आता अडीच वाजलेत.”

“धक्का नऊ दिवसांनी मिळणार, मालमसाब.”

जुने खलाशी चीफ ऑफिसरला मालम म्हणतात. मालम बाई झाली म्हणून मुकादमांनी शब्द बदललेला नव्हता.

बातमी खरी होती. सकाळच्या निरोपाप्रमाणे जहाज उद्याच धक्क्याला लागायचे होते. माल उतरवण्याआधी टाकीतल्या मोकळ्या जागेत नायट्रोजन भरायचा, हवा हाकलायची, म्हणजे आगीचे भय उरत नाही, असा नियम. ईशानीने तसा हुकूम दिला. मग दीड वाजता दुसरा निरोप आला: धक्क्यावर बिघाड, नऊ दिवस थांबा.

हुकूम तिने बदलला नाही.

“म्हणूनच म्हणते. आज भरून, बंद करून ठेवू. नऊ दिवस निर्धास्त. हवा नाही, तर आग नाही. एवढं तरी पटतं ना?”

“पटतं.”

“मग?”

मुकादमांनी फडक्याने हात पुसले.

“हुकूम न पाळणाऱ्या माणसाला मी उद्याच्या लाँचने किनाऱ्यावर पाठवू शकते.”

“पाठवा की. घरी आंबे उतरलेत.”

तिला हसू आले नाही. त्यांनी तिच्याकडे स्टूल सरकवले. ती बसली नाही, पण हेल्मेट काढून तिने मेजावर ठेवले.

“टाकीत काय आहे, मालमसाब?”

“माझी परीक्षा घेताय?”

“विचारतोय.”

“स्टायरीन. दोन हजार टन. पुढे कारखान्यात त्याचं प्लास्टिक होतं.”

मुकादमांनी बोटाच्या पेराने हेल्मेटवर टकटक केले. “हे त्याचंच?”

“त्यातही स्टायरीन आहे. त्या स्विचच्या डबीत, फ्रिजच्या आतल्या अस्तरात, तुमच्या थर्माकोलच्या खोक्यात. जगात कुठेही हात टाका, हे लागेलच.”

“आणि आपल्याकडं ते पाण्यासारखं पातळ.”

“हो.”

“पाण्याला काही व्हायचं नसतं,” मुकादम म्हणाले. “ह्याला व्हायचं असतं.”

त्यांनी खिशातून एक गोटा काढून तिच्यासमोर ठेवला. फिकट पिवळसर, आरपार दिसणारा. आत मध्यभागी एक लोखंडी नट, जणू तरंगत थांबलेला.

काच असावी असे समजून तिने उचलला. फार हलका लागला.

“कुठला हा?”

“एका टाकीतला. बावीस वर्षं झाली. जहाज दुसरं, बंदर दुसरं. सोमवारी पातळ होतं. गुरुवारी हे.”

“किती?”

“सगळंच.”

तिने गोटा बोटांनी दाबून पाहिला.

“टाकी आतून तापली. डेकवरचा रंग पापुद्रे होऊन सुटला. माणसं वाचली. मग आम्ही चाळीस दिवस छिन्नी-हातोड्यानं फोडत होतो. आतली शिडी दिसायची, मालमसाब. पायरी न् पायरी, पार तळापर्यंत. एवढी स्वच्छ… आणि पाय कुठं ठेवता यायचा नाही.”

ईशानीने गोटा उजेडात धरून फिरवला. नट सगळ्या बाजूंनी सारखाच दूर राहिला.

हे तिने वाचले होते. रेणूला रेणू जोडला जातो, साखळी वाढते, उष्णता सुटते, उष्णतेने साखळी आणखी वेगाने वाढते. उत्तरपत्रिकेत ते तिने आकृतीसह लिहिले होते. आता प्रथमच तिला वाटले, की पायाखाली माल नाही. एक इच्छा आहे, दोन हजार टनांची, आणि ती ह्या क्षणी जागी आहे.

ती स्टुलावर बसली.

“मग आपलं अजून असं का झालं नाही?” मुकादमांनी विचारले.

“रोधक मिसळलाय ना. भरतानाच घालतात. साखळी सुरू होऊ देत नाही. दहा लाख भागांत पंधरा भाग.”

“म्हणजे किती?”

तिने मनात गुणाकार केला, आणि उत्तर चुकले असावे म्हणून पुन्हा केला.

“तीस किलो.”

“भटारखान्यातली तांदळाची एक गोण.”

“…हो.”

“दोन हजार टनांवर.”

“हो.”

“तेवढा एकच पहारेकरी. त्याला लागतं काय?”

“लागायचं काय त्याला? रासायनिक क्रिया आहे ती. मुक्त कण तयार झाला, की रोधक त्याला…”

ती बोलत असतानाच मुकादमांनी दोन बोटांनी आपले नाक दाबून धरले. ओठ घट्ट मिटले.

ती थांबली. त्यांनी दुसऱ्या हाताने खूण केली, चालू द्या.

“…रोधक त्याला पकडतो, आणि… मुकादम, हे काय चाललंय?”

ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. सेकंदकाटा अर्ध्यावर आला. कपाळावरची शीर वर आली.

“माझं बोलणं पटत नसेल तर तोंडानं सांगा.”

काटा पुन्हा वर आला. चेहरा काळवंडला. डोळ्यांत पाणी उभे राहिले. पाठ ताठच होती.

“सोडा आता.”

नाही.

“सोडा म्हणते मी!”

हात आपोआप खाली पडला. मुकादमांनी छाती भरून, आवाज करत श्वास ओढला. मेजाची कड धरून ते थोडे वाकले. मग घड्याळ पाहिले.

“सव्वा मिनिट,” ते धापा टाकत म्हणाले. “नऊ दिवस नाही जमायचं.”

…

ईशानीने काखेतली फाइल उघडली. रोधकाचे प्रमाणपत्र वरून तिसरे होते. तिने ते माल भरताना वाचले होते. प्रमाण पाहिले, तारीख पाहिली, सही पाहिली. अगदी खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती.

रोधक कार्यक्षम राहण्यासाठी मालात विरघळलेला प्राणवायू आवश्यक.

तिने ओळ दोनदा वाचली. एक दिवस नायट्रोजन राहिला असता तर चालले असते. म्हणून तर नियम होता, उतरवण्याच्या अगदी आधी. नऊ दिवसांत मात्र मालातला प्राणवायू हळूहळू वर निघून गेला असता. टाकी घट्ट बंद, वर वैशाखाचे ऊन, आणि आत एकटा पहारेकरी… सुरक्षित ठेवून गुदमरलेला.

“तुम्ही ही ओळ वाचली होती?”

“मला इंग्रजी कुठं येतं?”

“मग आधीच का नाही सांगितलंत?”

“तुम्ही व्हॉल्व्हचं विचारलं होतं.”

तिने कमरेचा वायरलेस काढला.

“ब्रिज, चीफ ऑफिसर बोलतेय. तीन नंबरचा नायट्रोजन रद्द. तापमान दर दोन तासांनी घ्यायचं. उद्या सकाळी नमुना काढायचा, रोधक किती उरलाय ते बघायला. आणि कॅप्टनना कळवा, नोंदवहीत लिहायचंय. हुकूम माझा होता आणि चुकीचा होता. पंपमननी तो पाळला नाही, म्हणून माल शाबूत आहे.”

पलीकडे खरखर झाली. मग स्वतः कॅप्टन डिमेलोंचा आवाज आला.

“वर्तक… अगदी ह्याच शब्दांत?”

शिफारसपत्र त्यांच्याच टेबलावर होते. तिला ते दिसत असल्यासारखे आठवले.

“ह्याच शब्दांत, सर.”

“…ठीक आहे.”

त्या दोन शब्दांवरून काही कळले नाही.

ती डेकवर आली. मुकादम मागोमाग आले. समुद्र निश्चल होता. दूरवर आणखी सात-आठ जहाजे नांगर टाकून उभी होती. प्रत्येकाच्या पोटात असलेच काहीतरी, काहीतरी व्हायला निघालेले. ईशानी गुडघ्यांवर बसली आणि हातमोजा न काढता तिने तीन नंबरच्या टाकीवर तळवा टेकला. मोज्यातूनही ऊन लागले. खालून काहीही ऐकू येत नव्हते.

“उस्ताद,” ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून प्रथमच निघाला होता. “तीस किलो. एक गोण. तेवढंसं ते एवढ्याला थांबवतं तरी कसं?”

उस्तादांनी गोटा उन्हात धरला, आतला नट एकदा पाहिला आणि गोटा खिशात टाकला.

“थांबवत कुठं, बाय…” ते म्हणाले. “ते फक्त ‘आज नको’ म्हणतं. रोज.”