चुगलखोर नस

माणसाचे अवयव आपसांत बोलत, तेव्हाची ही गोष्ट. भाकऱ्या थापणाऱ्या अंबूच्या उजव्या हाताला त्याच्यातल्याच एका नसेचा भारी राग होता. तव्याला बोट टेकलं, की ती धावत पाठीच्या कण्याकडे जाई आणि बोंब ठोके, "भाजलं!" कणा मेंदूला न विचारताच हाताला मागे खेची आणि भाकरी उलटायची राहून जाई.

"मेली चुगलखोर! तोंड बंद ठेव," एके दिवशी हात खेकसला.

"ठेवते. पण मग हाक मारलीस, तरी ओ देणार नाही," नस म्हणाली आणि गप्प झाली.

हाताला तवा गार लागू लागला, निखाराही गार. तो लेकीच्या गालावरून फिरला, तेव्हा गाल आहे की पिठाचा गोळा, हेच त्याला कळेना. आत कुणीच बोलत नव्हतं. 'असू दे, शांतता तर आहे,' तो मनाशी म्हणाला.

एका दुपारी नाक घाबरून ओरडलं, "अरे, मांस कुणाचं जळतंय?"

डोळे चुलीकडे वळले आणि थिजले.

"मला काय विचारता?" हात जाळातूनच म्हणाला. "माझं तर काहीच दुखत नाही."