नकाशात नसलेलं घर

एका राज्यात राजापेक्षा राजनकाशाची सत्ता मोठी होती. नकाशात जे काढायचं राहील, ते राज्यातून नाहीसं होई.

त्याचं असं झालं. कोण्या जुन्या नकाशाकाराने डोंगरावरच्या उत्तंक मायावीची झोपडी नकाशातून गाळली. विचारलं नाही, सांगितलं नाही, गाळली. तेव्हा मायावीने शाप दिला, "माझ्या घराला तुमच्या पटावर जागा नाही ना? मग तुम्ही जे जे गाळाल, त्याला भुईवरही जागा राहणार नाही." शापाने आधी त्याचीच झोपडी गेली, आणि पुढच्याच नकाशात हत्तीखाना राहून गेला. सकाळी पाहावं तर हत्ती गायब, माहूत हातात अंकुश घेऊन मोकळ्या मैदानात बसलेले. गेलेलं पुन्हा काढलं तरी परत येईना.

तेव्हापासून नकाशाकार काही म्हणजे काही गाळीनात. महाल काढत, मळे काढत, गोठे, उकिरडे, पाणवठ्यावरचे धुण्याचे दगडसुद्धा काढत. होता होता नकाशा तव्याच्या बुडासारखा काळा झाला.

अशात एका वर्षी राजतळं आटलं. उरलेल्या पाण्याला एकच पाट काढता येणार होता. तो कोणत्या वस्तीकडे न्यावा? राजा धैर्यसेनाने दरबारात नकाशा पसरला. प्रधान गंभीररायांनी डोळे बारीक केले आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

"इथे, महाराज. इथली प्रजा तहानेने व्याकूळ आहे."

"प्रधानजी, ती तुमची आमराई आहे."

"असं होय? मला वस्तीच वाटली."

राजाने नकाशाकारणीला बोलावलं. तिचं नाव चित्रांगी. गुरुगृही राहून विद्या शिकलेली, हात स्थिर, नजर तयार. पण मन मेलं कधी स्वस्थ नसे. लेकीला, बकुळीला, साधी शिंक आली तरी आपल्याच हातून काहीतरी राहिलं असं तिला वाटे. बकुळीला पाठीशी बांधूनच ती दरबारात येई, आणि दर घटकेला हात मागे नेऊन पाही, आहे ना?

"चित्रांगी," राजा म्हणाला, "अमावास्येपर्यंत वाचता येईल असा नकाशा दे. नाहीतर प्रधानांचं बोट पडेल तिथे पाट जाईल."

"आणि वाचता यावा म्हणून काही गाळलं तर, महाराज?"

राजाने नकाशा गुंडाळून ठेवला. चित्रांगीचा हात मागे गेला.

ती डोंगर चढून गेली. उत्तंक मायावी उघड्या खडकावर ऊन खात बसला होता. झोपडी नव्हतीच, बसणार कुठे?

"बाबा, शाप कसा सुटेल?"

"तीन नकाशे काढ. एक माझी घार उडता उडता वाचील असा. दुसरा माझ्या विहिरीला तहान मोजता येईल असा. तिसरा राजपटावर, राजनकाशाच्या कापडावर काढ. त्यात पुष्कळ गाळ, पण हरवू काही नको."

चित्रांगीने वाळूवर सारं राज्य रेखलं. घार वरून गेली. "काय दिसलं?" "सगळं दिसलं, बाई. म्हणजे काहीच नाही." चित्रांगीने मळे पुसले, गोठे पुसले, महाल पुसला. वाळूला शाप नव्हता, म्हणून हात धजला. तळं आणि वस्त्या, एवढंच उरलं. घार पंख न हलवता ओरडली, "तळं मधे, वस्त्या भोवती! आता विहिरीकडे जा."

मग ती विहिरीपाशी गेली. कोरड्या विहिरीच्या कठड्यावर तिने वस्त्या काढल्या आणि हौसेने रंगवल्या. एक तांबडी, एक हिरवी, एक निळी, एक पिवळी. विहीर खालून हसली. "सणाची रांगोळी सुरेख झाली हो! पण तहान जास्त कोणाला, तांबड्याला की पिवळ्याला?"

चित्रांगी ओशाळली. कमी-जास्त दाखवायचं तर रंग एकच घ्यावा, हेच तर गुरूंनी पहिल्या पाठात सांगितलं होतं आणि हेच ती विसरली होती. तिने सारे रंग धुतले आणि एकटा गेरू घेतला. जिथे पाणी थोडं कमी, तिथे फिका हात. जिथे विहिरी पार सुकल्या, तिथे दाट. विहीर हळूच म्हणाली, "ती टोकाची, सर्वांत गडद... तिच्यासाठी जीव तुटतो गं."

उरला तिसरा. अमावास्येचा दिवस उजाडला. चित्रांगीपुढे कोरा राजपट होता. गेरू भिजवला होता, पण हात उचलवेना. वस्त्याच काढायच्या तर नगर गाळायचं, आणि नगरात तिचं घर. घर गेलं की घरातली माणसं जाणार. पाठीवरची बकुळीसुद्धा.

पाण्याचं भांडं आणायला ती उठली आणि बकुळीला खाली ठेवून दाराआड गेली. बकुळीने असा टाहो फोडला की मैदानातले माहूतसुद्धा धावले. चित्रांगी परत आली, तिला पोटाशी धरलं. मग म्हणाली, "पाणी घेऊन येते हं. इथेच आहे." पुन्हा दाराआड गेली. बकुळी दाराकडे पाहत बोट चोखत बसली. रडली नाही.

चित्रांगी दारातच थबकली. आई दोन्ही वेळा दिसेनाशी झाली होती. मग एकदा आकांत आणि एकदा शांती, असं का? पहिल्या वेळी ती नुसतीच गेली होती. दुसऱ्या वेळी सांगून गेली होती. आणि उत्तंकबाबाची झोपडी? तीही कोणी सांगून गाळली नव्हती!

तिने बकुळीला पाठीशी बांधलं आणि राजपटाच्या माथ्यावर, आजवर कोणी लिहिलं नव्हतं ते लिहिलं: 'हा फक्त तहानलेल्या वस्त्यांचा नकाशा. बाकी सारं राज्य आपल्या जागी सुखरूप आहे. इथे काढलेलं नाही.' खाली कोपऱ्यात गेरूचे ठिपके काढले, फिक्यापासून दाटापर्यंत, कोणता काय सांगतो ते लिहून. मग तळं काढलं. वस्त्या काढल्या. महाल काढला नाही. आमराई काढली नाही. आपलं घर काढलं नाही.

शेवटचा ठिपका दिला आणि तिने डोळे मिटले. पाठीवर ओझं आहे की नाही, काही कळेना. हात मागे न्यायचं धाडस होईना.

तोच कोणीतरी तिची वेणी खस्सकन ओढली.

त्याच क्षणी मैदानावर हत्ती चीत्कारले, आणि माहूत अंकुश टाकून त्यांच्या सोंडांना मिठ्या मारू लागले. डोंगरावर एका झोपडीतून धूर निघाला.

दरबारात राजाने नव्या नकाशावर नजर टाकली, आणि त्याचं बोट आपोआप सर्वांत गडद ठिपक्यावर गेलं. "पाट इथे."

"पण महाराज," प्रधान म्हणाले, "माझी आमराई यात दिसत नाही!"

"ती जागच्या जागी आहे, प्रधानजी. वर लिहिलंय, वाचा."

पाट खणला गेला. टोकाच्या वस्तीत पाणी पोचलं, तेव्हा डोंगरावरच्या विहिरीतही एक झरा बोलू लागला. चित्रांगी पुढे पुष्कळ नकाशे काढत राहिली, आणि दर नकाशात पुष्कळ गाळत राहिली, माथ्यावर सांगून. हात मात्र अजून मागे जाई. शाप सुटला, सवय नाही सुटली.

तहानलेल्यांना जसं पाणी लाभलं, तसं ऐकणाऱ्यांना लाभो.