छाटाची टोपली

निपाणीच्या एका बिडी कारखान्यात रोज छाट निघे. तपासनीस ओंजळभर बिड्या ‘खराब’ म्हणून बाजूला काढायचा. त्यांची मजुरी मिळत नसे आणि बिड्याही परत मिळत नसत. युनियनच्या बायका बोलणी करायला गेल्या, तेव्हा मालक गुरगुरले, “कचऱ्याची कसली मजुरी?”

त्या बायकांतल्या गिरजाक्काने छाटाच्या टोपलीकडे पाहिलं. त्यातल्या कितीतरी बिड्या तिच्याच बोटांनी वळलेल्या होत्या. तिने टोपली उचलली आणि पानं भिजवायच्या हौदावर धरली. “कचरा टाकायचं काम आम्हा बायकांचंच, मालक.”

“अगं थांब! माल आहे तो!” मालक ओरडत उठले.

टोपली तशीच धरून गिरजाक्का शांतपणे म्हणाली, “आता कसं बोललात! बसा, मालाची मजुरी ठरवू.”