मोहाचे लाडू

माणसं रानात अजून यायची होती, तेव्हाची गोष्ट. झिपरू अस्वलाचं पोट फार सुटलं, म्हणून वैद्य घुबडाने त्याचं गोड बंद केलं होतं. नेमकी तेव्हाच खारीची पोरं टोपली घेऊन दारात आली.

"काका, आमच्या लेझीम पथकाला ढोल घ्यायचाय. मोहाचे लाडू घ्या ना!"

वासानेच झिपरूच्या तोंडाला पाणी सुटलं. लहानपणी तोही सवंगड्यांबरोबर असेच लाडू विकत हिंडायचा. म्हातारी हत्तीणआजी अख्खी टोपली विकत घ्यायची आणि म्हणायची, "आता माझ्यासमोर बसून तुम्हीच खा. मला बघू दे."

झिपरूने टोपली विकत घेतली आणि पोरांपुढेच ठेवली. "खा रे. मला बघू दे."

पोरांनी लाडवांचा फडशा पाडला. हत्तीणआजी तेव्हा सारखी आवंढे का गिळायची, ते झिपरूला आज कळलं.