नकाशाबरहुकूम वाहणारा ओढा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. राज्य बुडालं, राजवाडा बुडाला. तिथला मूर्खपणा मात्र अजून धडधाकट हिंडतो आहे, म्हणून सांगतो. मुलांनी समोर बसून ऐकावं, आणि मोठ्यांनी मागे उभं राहून 'हे काही आपल्याबद्दल नाही' असं म्हणू नये.

त्या राज्याच्या राजाला एकुलती एक मुलगी होती. नगरातल्या पाठशाळेत मुलं दिवसभर डोलत डोलत पाठांतर करायची. ज्या मुलाने जन्मात नदी पाहिली नव्हती, तो नद्यांची नावं घडाघडा म्हणायचा. राजा म्हणाला, "माझी लेक घरीच शिकेल. उघड्या आभाळाखाली, माती-पाण्यात हात घालून शिकेल."

विचार चांगला होता. इथपर्यंत राजाशी माझं भांडण नाही.

शिकवायला राजाने आपल्या थोरल्या बहिणीला बोलावलं. ही आत्याबाई तरुणपणी यात्रेकरूंबरोबर पायी फार हिंडली होती आणि तिला बसून शिकवणं ठाऊकच नव्हतं. ती मुलीला डोळे मिटून झाडाखाली बसवायची आणि कोणता पक्षी कुठून बोलला ते बोटाने दाखवायला सांगायची. बरणीभर पाण्यात बागेतली माती ढवळून ठेवायची आणि विचारायची, "आधी काय खाली बसेल गं? वाळू की गाळ?" मुलगी उत्तर द्यायची, आणि मग दोघी पोटावर पालथ्या पडून बरणीकडे बघत राहायच्या. मुलगी खूश होती. आत्याबाईही खूश होती.

खूश नव्हता तो राजा. कारण मुलगी कधीकधी चुकायची, आणि चुकली की तिचं तोंड एवढंसं व्हायचं. ते एवढंसं तोंड राजाला बघवायचं नाही.

एकदा आत्याबाईने मुलीला करवंटीत वाल पेरायला दिले. मुलगी खेळाच्या नादात पाणी घालायला विसरली. दाणे सुकून गेले. राजाने पहाटे माळ्याला बोलावलं आणि ती करवंटी उचलून तिच्या जागी हिरव्यागार कोंबांची दुसरी ठेवायला लावली. सकाळी मुलगी नाचतच आत्याकडे आली. "आत्या, आत्या, मला शोध लागला! वालाला पाणी लागतच नाही!"

आत्याबाई तडक राजाकडे गेली. "अरे, हे काय केलंस?"

"अक्का, एवढ्याशा दाण्यांसाठी पोर हिरमुसली असती."

"हिरमुसली असती आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने पाणी घातलं असतं. आता जन्मभर घालणार नाही."

"सांगू हळूहळू," राजा म्हणाला. आणि अर्थातच सांगितलं नाही.

मग सावलीचा पाठ आला. आत्याबाईने अंगणात काठी रोवली आणि विचारलं, "दुपारची घंटा होईल तेव्हा हिची सावली कुठवर जाईल?" मुलगी म्हणाली, "त्या कडुनिंबाच्या पारापर्यंत." आता भर दुपारी सावली काठीच्या पायाशी गोळा होते, हे गुराख्याचं करडूसुद्धा जाणतं. पण राजाने घंटा वाजवणाऱ्याला निरोप धाडला: सावली पाराला टेकेपर्यंत घंटेला हात लावायचा नाही. त्या नगरात दुपारची घंटा झाल्याशिवाय पानं वाढायची नाहीत अशी रीत होती. उन्हं कलली तरी अख्खं नगर उपाशी. म्हातारी माणसं चक्कर येऊन भिंतीला टेकली, तान्ह्यांच्या आया कासावीस झाल्या. आणि संध्याकाळी एकदाची घंटा झाली तेव्हा प्रधान हात जोडून म्हणाले, "वा! राजकन्येचा अंदाज तंतोतंत आला!"

एकाही शहाण्याने 'आज दुपार उशिरा कशी झाली' असं विचारलं नाही. मला चीड येते ती इथे. एक बाप लेकीच्या मायेने आंधळा झाला, हे समजू शकतो. पण दरबारात भरलेल्या एवढ्या डोळ्यांचं काय झालं होतं?

असो. इथवर नुकसान म्हणजे वालाचे चार दाणे आणि एका दिवसाची भूक. पुढे तसं राहिलं नाही.

आत्याबाईने मुलीला परिसराचा नकाशा काढायला सांगितला. राजवाड्यामागे एक टेकडी होती. टेकडीवरून एक ओढा उतरायचा, तिच्या पूर्वेच्या अंगाने वळायचा आणि खाली एका माळणीच्या पानमळ्याला पाणी देऊन पुढे जायचा. मुलीने गच्चीत बसून, आठवेल तसा, सुरेख नकाशा रंगवला. टेकडी हिरवी, राजवाडा पिवळा, ओढा निळा. फक्त ओढा तिने टेकडीच्या पश्चिमेला काढला.

आत्याबाईने चूक दाखवली नाही. "पुढच्या आठवड्यात हा हातात घेऊन आपण चालत जाऊ आणि पडताळून बघू," एवढंच म्हणाली. तोच तर पाठ होता.

राजाने नकाशा पाहिला, चूक पाहिली. तो प्रधानांना म्हणाला, "नकाशा खोडायचा म्हणजे पोरीचं मन मोडणार."

प्रधान म्हणाले, "नकाशा कशाला खोडायचा, महाराज? ओढा आहे ना."

आणि त्यांनी ओढा वळवला! टेकडीच्या वरच्या वळणावर दगडमातीचा बांध घातला, पश्चिमेला चर खणला आणि चांगलं वाहतं पाणी खडकाळ माळावर सोडून दिलं. बांधावर पहारेकरी बसवला. इतकंच नव्हे, तर शिल्पकाराला हुकूम सुटला, की राजकन्येचा नकाशा दगडावर कोरून वेशीत उभा करा. यापुढे हाच राज्याचा नकाशा.

ठरल्या दिवशी आत्या-भाची निघाल्या. टेकडीला वळसा घातला, तर पश्चिमेला ओढा झुळझुळ वाहतो आहे.

"बरोबर आला!" मुलगी ओरडली. "आत्या, माझा नकाशा बरोबर आला!"

आत्याबाईने कपाळावर हात मारून घेतला. भावाच्या नावाने तोंडाशी आलेले शब्द तिने गिळले. मग ती एका दगडावर बसली आणि म्हणाली, "छान. आता या ओढ्यातला एक खेकडा दाखव मला."

मुलगी काठाने वाकून चालू लागली. खेकडा नाही. खेकड्याचं बीळही नाही. गोटे उचलून पाहिले, तर सगळे टोकदार. घासून गुळगुळीत झालेला एकही नाही. पाण्याखाली वाळलेलं गवत उभंच्या उभं होतं. काठाच्या मातीतून झाडाची मुळं बाहेर डोकावत होती, आणि ती कुदळीने सपकन तोडलेली होती.

मुलीने एक तुटकं मूळ बोटाने चाचपलं. मग हळूच म्हणाली, "आत्या, हा ओढा नवा आहे."

"हं."

"मग जुना कुठे गेला?"

"मला काय विचारतेस? तू विचारलंस, तूच शोध."

मुलगी टेकडीच्या पलीकडच्या अंगाला गेली. तिथे गुळगुळीत गोट्यांची कोरडी वाट खाली उतरत होती. चिखलाला भेगा पडल्या होत्या, आणि एका डबक्यात उरलेल्या घोटभर पाण्यात मासोळ्या तडफडत होत्या. त्या वाटेने चालत दोघी पानमळ्याच्या कुडाशी पोचल्या.

पानमळा म्हणजे नाजूक काम. शेवरीच्या झाडांवर चढवलेले नागवेलीचे वेल, आत दाट सावली, पायाखाली सदा ओल. पण आज आत शिरताच सुकल्या पानांचा चुरा पायाशी वाजला.

"चपला काढ आधी!" आतून आवाज आला. "मळ्यात पायताण घालून येतात होय? कुणाची गं तू?"

माळीण रिकामी घागर घेऊन उभी होती. लांबच्या विहिरीचं पाणी डोक्यावरून आणून ती वेलाला घोट घोट पाजत होती. मुलीने घाईघाईने चपला काढल्या.

"मी राजवाड्यातली. तुमच्या वेलांना काय झालं?"

"काय व्हायचं? पाणी तोडलं."

"पण वेलांना... म्हणजे, माझ्या वालाला तर पाणी लागलंच नव्हतं."

माळणीने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग तुझा वाल सकाळी गुपचूप न्याहारी करत असेल, बये. माझे वेल साधे आहेत, ते पाणीच पितात. माझ्या सासूने लावले, मी वाढवले. खालच्या ओळी गेल्या. वरच्या अजून तग धरून आहेत, पण उद्याचं ऊन काढायच्या नाहीत. नागवेल एकदा मुळातून सुकली की मग तिला अमृत घाला, उठत नाही."

"पाणी कुणी तोडलं?"

"राजवाड्यात कुणा दिवट्या पोरीने नकाशा काढला म्हणे. त्यात ओढा पलीकडे आहे. म्हणून ओढा पलीकडे."

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. आत्याबाईने तिला जवळ घेतलं नाही, समजूतही घातली नाही. मुलगी म्हणाली, "तो नकाशा माझा आहे."

माळणीने घागर खाली ठेवली. मग कोपऱ्यातलं फावडं उचलून तिने मुलीच्या पुढ्यात टाकलं. "मग चल. बोलत काय उभी राहिलीस?"

तिघी बांधावर पोचल्या तेव्हा पहारेकरी उठून उभा राहिला. "राजकन्ये, पुढे येऊ नका. ओढा जागचा हलू द्यायचा नाही असा हुकूम आहे."

"कुणाच्या नकाशासाठी?"

"आपल्याच, राजकन्ये."

"मग मीच सांगते, नकाशा चुकला आहे."

पहारेकरी गोंधळला. "असं कसं? सगळ्या दरबाराने बरोबर म्हटलंय."

"दरबारातलं कुणी इथे आलं होतं का बघायला?" आत्याबाई कडाडली. "हो बाजूला!"

तेवढ्यात कुणीतरी वर्दी दिली आणि राजा धापा टाकत टेकडी चढून आला. पाठोपाठ प्रधानही आले. लेकीच्या हातात फावडं पाहून राजा कळवळला. "ठेव ते खाली, बाळ. हाताला फोड येतील. अगं, दगडावर कोरायला घेतलाय तुझा नकाशा! आता बांध फोडलास तर सारं राज्य म्हणेल, राजकन्या चुकली."

"चुकलेच आहे मी, बाबा."

"तुला वाईट वाटू नये म्हणून केलं गं सगळं. तू रडली असतीस."

"मग रडले असते!" मुलगी म्हणाली, आणि रडतच म्हणाली. "वाल कुणी बदलला? घंटा कुणी थांबवली? मला वाटलं मला सगळं येतं. मला काहीच येत नाही, बाबा. पक्षी तेवढे खरे शिकले मी, कारण तुमचं पक्ष्यांवर काही चाललं नाही."

राजा बांधाकडे बघत राहिला. मुलीने फावडं घातलं. ओली माती जड होती. पहिल्या घावात मूठभरही निघाली नाही. दुसऱ्यात थोडी निघाली.

"बघत काय राहिलास?" आत्याबाई भावाला म्हणाली. "दरबारात राजा असशील. इथे बांध घालणारा तूच, फोडणाराही तूच. धर कुदळ!"

राजाने पहारेकऱ्याजवळची कुदळ घेतली. बांध फुटला, गढूळ पाणी उसळलं आणि आपली जुनी वाट न विचारता ओळखून पूर्वेला धावत सुटलं. माळीण पाण्याच्या आधी मळ्यात पोचायला म्हणून पळत सुटली. राजाने मागून हाक मारली, "बाई, नुकसान भरून देऊ आम्ही!"

माळीण वळली. "भरून कसं देणार? सासू परत आणणार माझी? आणि उपकाराच्या सुरात बोलू नका, राजे. पाणी माझंच होतं."

वरच्या ओळी जगल्या. खालच्या ओळी गेल्या त्या गेल्याच. त्या वर्षी लग्नसराईत नगरात विड्याचं पान मिळेना. शिल्पकाराने अर्धवट कोरलेला दगड पालथा घालून धोब्यांना दिला. प्रधान मात्र बदलले नाहीत. दुसऱ्याच दिवशी ते भर दरबारात म्हणाले, "राजकन्येने स्वहस्ते ओढा वळवला! केवढी कर्तबगारी!" तेव्हा मुलगी उभी राहिली आणि चूक कुणाची, नुकसान कुणाचं, हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं. टाळी कुठे वाजवायची, ते कुणाला कळेना.

पुढे मुलगी रोज पानमळ्यात जाऊ लागली. माळीण तिला शिव्याही द्यायची आणि लावायला वेलाचं बेणंही द्यायची. खालच्या ओळीत मुलीने लावलेले नागवेलीचे पहिले तुकडे सगळे कुजले. ती चिखलाच्या पायांनी घरी आली आणि बापासमोर मटकन बसली. तोंड एवढंसं झालं होतं, डोळे भरले होते.

राजा उठला. ओठ घट्ट मिटून पुन्हा जागेवर बसला. मग त्याने विचारलं, "का कुजले असतील गं?"

मुलीने नाक पुसलं. "पाणी जास्त झालं बहुतेक," ती म्हणाली. "उद्या कमी घालून बघते."

तात्पर्य: ज्याला चुकू दिलं नाही, त्याला शिकूही दिलं नाही.